कोकणातून परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांचा वैद्यकीय विमा

मुलांकडे किंवा नातवंडांकडे दीर्घ मुदतीच्या पाहुणा व्हिसावर राहायला जाणाऱ्या आई-वडील व आजी-आजोबांसाठी घेतला जाणारा खासगी आरोग्यविमा. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’साठी तो सक्तीचा असल्याने बोलण्यात त्याला सरसकट ‘सुपर व्हिसाचा विमा’ म्हटले जाते. पाहुण्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आधार नसतो. दवाखान्याचा सगळा खर्च घरावर येतो, आणि तो पेलण्यासाठी हा विमा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांना माणसे बाहेर पाठवण्याची जुनी सवय आहे. आधी मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि बोटी, मग आखात, आणि अलीकडे टोरांटो, मेलबर्न, ऑकलंड. चाकरमानी मुलाकडे मुंबईत जाऊन राहणे ही घरोघरची रीत होती. तेव्हा दुखलेखुपले तर चाळीशेजारच्या डॉक्टरकडे नेले की भागत असे. आता तीच आई सुनेच्या बाळंतपणासाठी दहा-बारा हजार किलोमीटरवर जाते. सोबत कोकम, मेतकूट आणि गोळ्यांचा डबा असतो. विम्याचा सारा प्रश्न त्या गोळ्यांच्या डब्यापाशी येऊन थांबतो.

सुपर व्हिसा डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला. कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेले मूल अथवा नातवंड बोलावणे पाठवते आणि आपले किमान उत्पन्न सिद्ध करते. ४ जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर सलग ५ वर्षांपर्यंत राहता येते. त्याआधी ही मर्यादा २ वर्षांची होती. विम्याचे संरक्षण किमान १ लाख कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण साठ लाख रुपयांच्या घरात असावे लागते. तो प्रवेशाच्या तारखेपासून किमान १ वर्षाचा हवा आणि त्यात उपचार, रुग्णालयवास व मायदेशी परत पाठवण्याचा खर्च असावा लागतो. नुसते कोटेशन चालत नाही. पैसे पूर्ण भरलेले किंवा अनामत देऊन हप्ते बांधलेले दाखवावे लागतात. २८ जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरच्या कंपनीची पॉलिसीही स्वीकारली जाते. मात्र ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाच्या यादीत हवी आणि पॉलिसी तिच्या कॅनडातील व्यवसायातून दिलेली हवी. चिपळूण किंवा कुडाळच्या बाजारपेठेतल्या एजंटाकडची नेहमीची प्रवास पॉलिसी या अटीत बसेलच असे नाही.

न्यूझीलंडने २९ सप्टेंबर २०२५ पासून ‘पेरेंट बूस्ट’ हा ५ वर्षांचा पाहुणा व्हिसा सुरू केला. त्यात तातडीच्या उपचारांसाठी किमान अडीच लाख आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी किमान १ लाख न्यूझीलंड डॉलरचे संरक्षण मागितले जाते. ऑस्ट्रेलियाचा ८७० क्रमांकाचा पालक व्हिसा २०१९ पासून आहे. तो ३ किंवा ५ वर्षांसाठी, एकूण १० वर्षांपर्यंत मिळतो, आणि त्यालाही आरोग्यविमा लागतो. अमेरिकेच्या पाहुणा व्हिसाला विम्याची सक्ती नाही. म्हणून तिथे विनाविमा जाणारे पुष्कळ, आणि तिथली बिले तर सगळ्यांत मोठी.

कोकणातल्या घरात विमा एजंटाने फोनवर विचारले, ‘काही आजार?’, तर उत्तर ठरलेले असते: ‘आजार काही नाही, फक्त बीपी आणि शुगर.’ यात लपवाछपवी नसते. वीस वर्षे सोबत असलेल्या बीपीला इथे कोणी आजार समजतच नाही. विमा कंपनीच्या लेखी मात्र तेच पहिले दोन आजार. काही पॉलिसी आधीचे आजार पूर्ण वगळतात, काही ते ‘स्थिर’ असतील तरच धरतात. स्थिर म्हणजे संरक्षण सुरू होण्याच्या तारखेआधी ठरावीक काळ, बहुधा ९० किंवा १८० दिवस, त्या आजाराची नवी लक्षणे नाहीत, औषध किंवा त्याची मात्रा बदललेली नाही, रुग्णालयात भरती नाही आणि कोणतीही तपासणी बाकी राहिलेली नाही.

मात्रा वाढली तरच बदल, असे लोक धरून चालतात. बहुतेक पॉलिसींत मात्रा कमी झाली तरी तो बदलच. डॉक्टरांनी ‘बीपी आता छान आहे, उद्यापासून अर्धी घ्या’ म्हटले की घरात आनंद होतो, आणि कागदावर रक्तदाब त्या दिवसापासून अस्थिर ठरतो. मुलगा टोरांटोहून विचारतो, ‘गोळ्या त्याच ना?’ आई म्हणते, ‘काय बदलूक नाय रे.’ तिच्या दृष्टीने ते खरेच असते. गोळी तीच, पाकीट तेच, फक्त सुरीने मधोमध कापलेली. सहा महिन्यांनी तिकडे पक्षाघाताचा झटका आल्यावर कंपनी गावच्या डॉक्टरांकडून जुने कागद मागवते, आणि त्यात ती अर्धी गोळी सापडते.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीचेही असेच. ती उशाशी असते, लागली तर घेतली जाते, आणि किती वेळा घेतली हे कोणी मोजत नाही. अनेक पॉलिसींत ही गोळी ठरावीक काळात किती वेळा लागली यावर हृदयाच्या आजाराचे संरक्षण अवलंबून असते. श्रावणात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाच्या) संशयाने तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस सलाइन लावलेले असते. घरात तो ‘ताप येऊन गेला’ एवढाच, विमा कंपनीच्या प्रश्नावलीत तो रुग्णालयवास.

त्यामुळे हा विमा विकत घेतला जातो टोरांटोत, पण तो क्लेमच्या वेळी उपयोगी पडेल की नाही हे देवरूख, वेंगुर्ला किंवा गुहागरच्या दवाखान्यात ठरते. इथली अडचण कागदांची आहे. गावचा डॉक्टर रुग्णाला नावानिशी, घरानिशी ओळखतो. नोंद त्याच्या डोक्यात असते आणि रुग्णाच्या हातात चिठ्ठीचा चतकोर तुकडा. दक्षिण सिंधुदुर्गातली माणसे मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीला जातात, चिपळूणकडची डेरवणला, बाकीची थेट मुंबईला. प्रत्येक ठिकाणची फाइल वेगळी, आणि निम्मी पावसाळ्यात ओल लागून गेलेली. जाण्याच्या सात-आठ महिने आधी एकाच डॉक्टरकडे बसून आजार, औषधे, मात्रा आणि तारखा यांचा एक कागद तयार करून घ्यावा, त्यावर सही-शिक्का घ्यावा. प्रश्नावली मुलाने अंदाजाने भरू नये. हा कागद समोर ठेवून भरावी. चुकीचे उत्तर अनवधानाने दिले, तरी पॉलिसी रद्द होऊ शकते.

‘निघण्याआधी एकदा सगळे तपासून घ्या’ हा मुलांचा आग्रह प्रेमाचा असतो, पण तो निघायला जेमतेम महिना उरलेला असताना होतो. कोलेस्टेरॉल वाढलेले निघते, नवी गोळी सुरू होते आणि स्थिर काळ पुन्हा शून्यापासून मोजला जातो. तपासणी करावी, पण लवकर. आणि विमा टिकावा म्हणून लागणारे औषध कोणी पुढे ढकलू नये. ढकलायचाच तर प्रवास ढकलावा. पॉलिसी घेतल्यानंतर आणि विमानात बसण्याआधी काही बदलले, तर ते कंपनीला कळवावे लागते.

आणखी एक गैरसमज व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीचा. सुपर व्हिसासाठी नेमलेल्या डॉक्टरांकडे ‘मेडिकल’ करावे लागते. त्यासाठी कोकणातली माणसे रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात. ते पास झाले की विमाही पक्का, असे वाटते. ती तपासणी इमिग्रेशनसाठी असते, विमा कंपनीशी तिचा संबंध नाही. तसेच सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना यांचा देशाबाहेर उपयोग होत नाही.

मुदत ठरवताना कोकणी घराचे पंचांग वेगळे असते. आंबा उतरवून मिरगाच्या आधी निघायचे आणि गणपतीला परत यायचे, असा बहुतेकांचा बेत असतो. तीन महिनेच राहणाऱ्याला सुपर व्हिसाची गरज नाही. साधा पाहुणा व्हिसा आणि तेवढ्याच मुदतीचा विमा बरा. वर्षाची पॉलिसी घेऊन लवकर परतल्यास, आणि एकही क्लेम केलेला नसल्यास, बऱ्याच कंपन्या उरलेल्या दिवसांचे पैसे काही शुल्क कापून परत देतात. गणपतीला येऊन पुन्हा कॅनडात जाणाऱ्यांनी मात्र मधल्या काळात पॉलिसी चालू राहते की संपते, हे आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक प्रवेशाच्या वेळी विमा वैध असावा लागतो.

दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा अवघड. नूतनीकरण म्हणजे बहुधा नवी पॉलिसी, आणि पहिल्या वर्षी तिकडे उद्भवलेला आजार आता ‘आधीचा आजार’ होतो. डिसेंबरात हृदयाचा त्रास होऊन विम्यातून उपचार झाले, तर पुढच्या वर्षी नेमका तोच हृदयाचा आजार विम्याबाहेर पडू शकतो. पाच वर्षे राहायची परवानगी मिळाली म्हणजे पाच वर्षांचे संरक्षण मिळाले, असा हिशेब कोणी करू नये.

विमा अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो. नेहमीची तपासणी, मोतीबिंदू, कवळी, चष्मा यात येत नाही. दुखणे आले की उपचाराआधी किंवा लगेचच कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करावा लागतो. न केल्यास भरपाईत कपात होऊ शकते. मुलगा-सून कामावर, घरात आजी आणि नातू, अशा दुपारी हा क्रमांक मोबाइलमधल्या पीडीएफमध्ये असून उपयोगाचा नाही. तो देवनागरी अंकांत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवावा, त्याखाली पॉलिसी क्रमांक आणि गोळ्यांची नावे. पलीकडे मराठी बोलणारे कोणी भेटेल याची खात्री नसते, म्हणून शेजारच्या एखाद्या ओळखीच्या घराचा नंबरही लिहावा. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण आधी भरायची रक्कम, जास्त ठेवली की हप्ता उतरतो. ती मुलाला एका रात्रीत उभी करता येईल एवढीच असावी.

जे विचारायला जीभ रेटत नाही ते कलम मृत्यूचे. मायदेशी परत पाठवण्याच्या तरतुदीत बहुधा पार्थिव आणण्याचा किंवा तिकडेच अंत्यसंस्कार करण्याचा खर्च येतो, पण या प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा असते. आपल्या गावच्या स्मशानात, आपल्या नदीकाठी जावे अशी इच्छा असलेल्या माणसासाठी हा आकडा हप्त्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो निघण्याआधी आई-वडिलांसमोर बसून वाचावा. त्यांनी त्यावर आधीच विचार केलेला असतो, हे बहुतेक मुलांना तेव्हा कळते.

परतताना तिथल्या दवाखान्याचे सर्व कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि क्लेमचे पत्र सोबत आणावे, आणि त्यांच्या प्रती गावच्या डॉक्टरांकडच्या फाइलला जोडाव्यात. पुढच्या खेपेची प्रश्नावली याच कागदांवरून भरायची असते.