मातीच्या अस्तराचा चाचणी-अहवाल : अर्ज परत का येतो

बडोद्याच्या परिसरात कचरा-भरावाच्या तळाशी घालायच्या चिकणमातीच्या अस्तरासाठी मंजुरी मागणारे अर्ज परत येतात, ते बहुतेक वेळा माती वाईट म्हणून नव्हे, तर अहवाल न वाचताच जोडल्यामुळे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत 1.5 मिमी जाडीच्या एचडीपीई (घट्ट प्लास्टिकच्या) पटलाखाली 90 सेमी मातीचा थर सांगितला होता आणि त्या मातीची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग, सेकंदाला 1×10⁻⁷ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, अशी अट होती. त्यातल्या ‘सेंटिमीटर’ या शब्दावर बोट ठेवावे. अनेक प्रयोगशाळा निकाल मीटरमध्ये देतात आणि तिथे हीच मर्यादा 1×10⁻⁹ होते; मीटरमधला 10⁻⁷ चा अहवाल ‘आकडा तोच’ म्हणून जोडणारा अर्जदार शंभरपट झिरपणारी माती मंजुरीसाठी ठेवत असतो. अर्जावर शेरा मात्र ‘अहवाल अपुरा’ एवढाच येतो. ‘एकक तपासा’ हे दोन शब्द लिहायला कोणाचे काय जाते, कळत नाही.

अर्ज कंत्राटदाराच्या नव्हे, भराव चालवणाऱ्या संस्थेच्या नावे भरावा; नकाशे आणि भूजल पातळीची नोंद नेहमीप्रमाणे जोडावी.

प्रयोगशाळेकडे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर विसंबू नये. मान्यता चाचणीनिहाय असते; म्हणून आयएस 2720 या माती-चाचणीच्या भारतीय मानकाच्या भाग 17 मधील पारगम्यता चाचणी तिच्या यादीत आहे का आणि चाचणीच्या दिवशी मान्यता चालू होती का, हे दोन्ही पाहावे. जवळपास कोणाकडेच नसणारा कागद म्हणजे नमुना कोणत्या खाणीतून, किती खोलीवरून, कोणत्या तारखेला घेतला याची सहीची नोंद. ती मागाहून तयार करता येत नाही; पोत्यावर खडूने लिहिलेला ‘माती नं. 2’ हा पुरावा होत नाही. मातीत बेंटोनाइट (पाण्याने फुगून झिरपणे कमी करणारी चिकणमाती) मिसळायचे असेल, तर चाचणी त्या मिश्रणाचीच हवी.

मुदतीचा हिशेब तर सर्रास चुकतो. एवढ्या घट्ट मातीतून, जल-उतार (पाण्याच्या पातळीतला फरक भागिले मातीची जाडी) एक धरला, तर वर्षाला जेमतेम 3 सेमी पाणी पार होते; साहजिकच नमुना पाण्याने पूर्ण भिजवून स्थिर वाचन मिळवायला आठवडे लागू शकतात. शेवटच्या तारखेआधी आठ दिवस नमुना देणाऱ्याला प्रयोगशाळा तरी काय करणार?

आणखी एक. प्रयोगशाळेतला नमुना योग्य ओलाव्यावर दाबलेला असतो, जागेवरची काळी माती मात्र मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस उघडी राहिली की बोट जाईल एवढी फाटते. म्हणून दाबलेल्या थराची घनता आणि ओलावा जागेवर मोजून ती पत्रके तारखेसह जोडावीत, आणि पटल अंथरेपर्यंत थर ओला ठेवावा.