पार्श्वभूमी : सरिना विगमन आणि सलग पाच अंतिम सामने

२०१७ ते २०२५ या काळात महिला फुटबॉलचे तीन युरो (युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा) आणि दोन विश्वचषक झाले. पाचही वेळा अंतिम सामन्यात डच प्रशिक्षक सरिना विगमन यांचा संघ होता. विश्वचषक दोनदा हुकला, युरो मात्र तिन्ही वेळा त्यांचाच. पहिला नेदरलँड्सकडून, पुढचे दोन इंग्लंडकडून.

विगमन यांचा जन्म १९६९चा, हेगमधला. मुलींसाठी संघ नव्हता, म्हणून केस बारीक कापून त्या मुलांत खेळायच्या. १९८८ साली चीनमधल्या एका स्पर्धेत अमेरिकेचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांनी त्यांना हेरलं आणि १९८९मध्ये त्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून खेळल्या. अमेरिकेची नामवंत खेळाडू मिया हॅम त्यांची संघसहकारी होती. पुढच्या सगळ्याचं मूळ, माझ्या मते, त्या एका वर्षात आहे. मुलींच्या खेळाला विद्यापीठ इतकं गांभीर्याने घेतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. मायदेशी परतल्यावर मात्र त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत आणि उरल्या वेळात खेळत. डच महिलांची वरिष्ठ लीग सुरू झाली ती थेट २००७मध्ये. त्याच वर्षी त्या हेगच्याच एडीओ डेन हाग या क्लबच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०१२ला त्यांनी लीग जिंकून दिली.

राष्ट्रीय संघाची सूत्रं जानेवारी २०१७मध्ये हाती आली. ऑगस्टमध्ये एन्स्केडेत डेन्मार्कला ४-२ हरवून नेदरलँड्स युरोविजेता! २०१९च्या विश्वचषकात अंतिम फेरीत अमेरिका भारी पडली, आणि २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर त्यांनी इंग्लंडची जबाबदारी घेतली. याच इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली महिलांना आपल्या संलग्न मैदानांवर बंदी घातली होती. ती उठायला जवळपास पन्नास वर्षं गेली.

२०२२च्या युरोत त्यांनी सहाही सामन्यांत तेच अकरा खेळाडू उतरवले. हट्टच म्हणा. पण खरी करामत राखीव बाकावर होती. अंतिम सामन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीविरुद्ध २-१ असा विजय मिळाला, तो एला टून आणि क्लोई केली या बदली खेळाडूंच्या गोलांवर. केलीचा गोल ११०व्या मिनिटाचा. २०२३च्या विश्वचषकात अंतिम फेरीत स्पेनने १-० असं हरवलं.

२०२५च्या युरोआधी टीकाही झाली. हॅना हॅम्पटन पहिली पसंती ठरल्यावर अनुभवी गोलरक्षक मेरी अर्प्सने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. मग फ्रान्सविरुद्ध सलामीलाच पराभव. उपांत्य सामन्यात इटली जिंकतच आली होती. बदली म्हणून आलेल्या १९ वर्षांच्या मिशेल अज्येमांगने ९६व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली, आणि जादा वेळेत केलीने सामना काढला. बासलच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध शूटआउटमध्ये हॅम्पटनने दोन पेनल्टी अडवल्या, निर्णायक पेनल्टी पुन्हा केलीची.

इंग्लंडशी त्यांचा करार २०२७पर्यंत आहे. त्या वर्षीचा विश्वचषक ब्राझीलमध्ये होईल.