सिक्वेन्स: जनुकातला, सिनेमातला आणि गोष्टीतला क्रम

सिक्वेन्स म्हणजे क्रम. एकामागून एक लागलेल्या गोष्टींची अशी रांग, की जिच्यात जागा बदलली की अर्थही बदलतो. टोपलीतल्या संत्र्यांना क्रम नसतो, कोणतंही आधी उचला. पण पेरणी, डवरणी, निंदण, वेचणी याला क्रम आहे, पेरायच्या आधी डवरा धरून काही होत नाही. जनुकशास्त्रात, सिनेमात आणि गोष्ट सांगण्यात हा एकच शब्द चालतो आणि तिन्हीकडे त्याचं काम बरंचसं सारखं आहे, म्हणून तिघांची नोंद एकत्र.

डीएनए हा ए, टी, जी, सी अशा 4 अक्षरांत लिहिलेला मजकूर समजा. माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी साधारण 300 कोटी अक्षरं असतात. प्रोटीन बनवताना पेशी ती तीन-तीनच्या गटाने वाचते, या गटाला कोडॉन म्हणतात. 4 अक्षरांचे 64 कोडॉन होतात, त्यातले 61 मिळून 20 अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतले मणी, सांगतात आणि उरलेले 3 सांगतात की इथे थांब. हा कोड उलगडल्याबद्दल हरगोविंद खोराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट होली यांना 1968 चं नोबेल मिळालं.

आपल्या अक्षरांत करून बघा. "कमल गवत उपट" हे तीन-तीन अक्षरांचे तीन शब्द. शेवटच्या शब्दात प च्या जागी ल घातला तर होतं "कमल गवत उलट". वाक्य नीट वाचता येतं, चूक झाली असं वाटतही नाही, पण कमलला काम भलतंच सांगितलं गेलं. आता मूळ वाक्यातला फक्त म काढून टाका आणि वाचायचं मात्र तीन-तीननेच: "कलग वतउ पट". एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं विस्कटलं. जनुकात या दोन्ही प्रकारच्या चुका होतात, दुसऱ्या प्रकाराला फ्रेमशिफ्ट म्हणतात आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे काही प्रकार त्यातूनच येतात.

पहिल्या प्रकारचं उदाहरण शोधायला विदर्भातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे मेळघाट, या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं नाव न ऐकलेलं गाव सापडणं कठीण. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन, त्याचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन नावाच्या जनुकात सुरुवातीलाच एका ठिकाणी सीसीटी, जीएजी, जीएजी असा क्रम असतो. सिकलसेलमध्ये त्यातल्या पहिल्या जीएजीचं जीटीजी होतं, म्हणजे ए च्या जागी टी, बस एवढंच. त्यामुळे 146 अमिनो आम्लांच्या साखळीत 6 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन सोडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनतात, त्या दांड्या लाल पेशीला आतून ताणतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. धान कापायचा विळा ज्याने हातात धरलाय त्याला हा आकार समजवावा लागत नाही. नेहमीची लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडतं, आणि वाकड्या पेशी बारीक नसांत अडकल्या की हाडं अशी दुखतात की लेकरू रात्रभर कळवळत राहतं. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल, तर प्रत्येक बाळंतपणात 4 पैकी 1 शक्यता मूल आजारी असण्याची, 2 वाहक असण्याची आणि 1 काहीच नसण्याची. वाहकाला स्वतःला बहुतेक वेळा त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतच नाही. लग्न जुळवताना लोक पत्रिका काढतात, मुलामुलीच्या रक्ताची तपासणी त्याच्या आधी व्हायला पाहिजे, हे मनापासून सांगावंसं वाटतं. भारत सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, त्यात मुदत 2047 ची ठेवली आहे.

हा क्रम वाचण्याची चांगली पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी 1977 मध्ये दिली. माणसाचा पूर्ण मजकूर वाचायचा प्रकल्प 1990 ते 2003 चालला, तरी काही जागा राहिल्या होत्या, त्यातल्या बहुतेक 2022 पर्यंत भरल्या. इतकी लांब साखळी मशीन एका दमात वाचत नाही, म्हणून तिचे बारीक तुकडे करतात, तुकडे वाचतात आणि ज्यांची टोकं एकमेकांवर जुळतात ते जोडत जोडत मूळ क्रम परत उभा करतात.

सिनेमाचा एडिटर रोज हेच करतो. शूटिंग सहसा गोष्टीच्या क्रमाने होत नाही. वाड्यातले सगळे सीन एकदम उरकतात, शेतातले दुसऱ्या आठवड्यात, मग आधी म्हातारपण आणि नंतर लग्न असंही होतं, क्लॅपवर सीन आणि टेकचा नंबर असतो म्हणूनच नंतर जुळवता येतं. कॅमेरा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंतचा तुकडा म्हणजे शॉट, एका जागी एका वेळी घडतं तो सीन, आणि एकाच घडामोडीला धरून असलेले सीन मिळून होतो सिक्वेन्स. कापून जोडण्याला स्प्लायसिंग म्हणतात, आणि हाच शब्द जनुकवाल्यांनीही घेतला, कारण पेशीसुद्धा जनुकाची नक्कल केल्यावर त्यातले इंट्रॉन नावाचे मधले भाग कापून टाकते आणि उरलेलं जोडते. वर सांगितलेल्या बीटा ग्लोबिनमध्ये असे 2 इंट्रॉन आहेत.

क्रमामुळे अर्थ कसा तयार होतो हे रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी 1920 च्या आसपास दाखवलं. एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी प्यायच्या सूपच्या ताटलीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि बघणाऱ्याला एकदा भूक दिसली, एकदा दुःख दिसलं. आपल्याकडे करायचं तर शेतकऱ्याचा चेहरा घ्या, आधी गारपिटीत झोपलेला गहू दाखवा, आणि दुसऱ्या वेळी पोळ्याला झूल घातलेले बैल. चेहरा तोच राहील, माणूस दोन वेगळे वाटतील.

दादासाहेब फाळक्यांनी तर आपला पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं, महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली आणि ते बघून पैसे द्यायला माणूस तयार झाला. जनुकशास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलनेही आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यावरच शोधले होते, 1866 मध्ये ते छापले गेले.

गोष्टीतला क्रम आपण आजीकडून शिकतो. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा दार वाजवतो. मग थांब माझ्या बाळाला आंघोळ घालू दे, थांब बाळाला पावडर लावू दे, थांब बाळाला तीट लावू दे. आजीने तीट आधी घेतली की चार वर्षांचं पोट्टं लगेच म्हणते, "असं नाही नं आजी, आंघोळ राह्यली". गोष्ट दहादा ऐकलेली असते, पुढे काय होणार ते माहीत असतं, तरी दार उघडायच्या आधीच्या त्या तीन थांबण्यांशिवाय मजा येत नाही. झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक यावरच रात्रभर चालतं. वडसा देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असली की त्या रात्री नाटक आलंच. गंभीर प्रवेश, मग विनोदी, मग गाणं, हा क्रम असा लावतात की रात्री 2 वाजता डोळा लागायला आला तरी पहाटेपर्यंत माणूस उठत नाही.

मराठीत लिहिलेल्या गोष्टीचं एक खूप जुनं मोठं उदाहरणही विदर्भातलंच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि तेराव्या शतकात लीळाचरित्र तयार झालं, एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग लावून. मूळ प्रत पुढे हरवली, अनुयायांनी आठवणीतून परत लिहिली, त्यामुळे पोथ्यापोथ्यांत पाठ वेगळे झाले. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे अभ्यासक सारख्या चुकांवरून ठरवतात. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक असेल तर दोघींची मूळ प्रत बहुधा एकच. जनुकवाले दोन जीवांचं नातं शोधतात तेही असंच, नकलेत राहिलेल्या सारख्या बदलांवरून.