बीव्हीएससी म्हणजे हुकलेलं एमबीबीएस नव्हे

नीटचा निकाल लागला की आमच्या घरी एक तरी फोन येतोच. यंदा चुलत भावाच्या पोराचा आला, "काका, एमबीबीएस नाही लागलं तर व्हेटरनरी टाकू का, सेमच आहे की, फक्त पेशंट बोलत नाही." मी बीव्हीएससी म्हणजे जनावरांचा डॉक्टर, चौदा वर्षं मोहोळ भागात प्रॅक्टिस करतोय आणि माझी थोरली बहीण सोलापुरात एमडी मेडिसिन आहे, त्यामुळं दोन्हीकडचं रोज जेवताना कानावर पडतं. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय, त्याच्यासारखी अजून लै पोरं असतील.

कागदावर सेम दिसतं हे खरं आहे. दोन्हीला नीट, दोन्ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, फार्माकोलॉजी ही नावंही तीच. फरक एवढाच की सोलापूरच्या पोराला एमबीबीएस घरी राहून वैशंपायन मेडिकलला करता येतं, १९६३ पासूनचं कॉलेज आहे ते, आणि व्हेटरनरीला शिरवळ, उदगीर, परभणी असं कुठंतरी बाहेर पडावं लागतं. पण पुढं वाटा फुटतात. ताईला एकच प्राणी शिकायचा होता पण तळापर्यंत, एमबीबीएसनंतर परत नीट पीजी, मग तीन वर्षं एमडी, आणि सुपरस्पेशालिटी करायची तर अजून तीन. तिशी ओलांडली तरी पुस्तक सुटत नाही. आम्हाला उलटं, गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, मांजर, कोंबडी सगळंच एका डिग्रीत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष. माणसाला तापात सर्रास देतात ती पॅरासिटामॉल मांजराला दिली तर मांजर मरतं, आणि लोक प्रेमापोटी घरी देऊन मगच आमच्याकडं आणतात, ते बघवत नाही.

आता "पेशंट बोलत नाही" हे. खरं सांगू का, ही अडचण लोकांना वाटते तेवढी मोठी नाही. कान गार पडलेत का, रवंथ चालू आहे का, शेण कसं पडलंय, मान कुशीकडं वळवून बसलीय का, हे बघायची सवय लागते. व्यायलेली जर्सी अशी मान वळवून आडवी पडली की आम्ही हात लावायच्या आधीच कॅल्शियमची बाटली काढतो. आणि ताईचे पेशंट बोलतात म्हणून तिचं सोपं आहे असं कुणी समजू नये, दुखण्याला पूर्व भागातल्या आज्जी तेलुगूत "नोप्पि" म्हणतात, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये "नोवु" म्हणतात, कुणी "दर्द" म्हणतं, कुठं दुखतंय ते हातानं दाखवतात आणि दारूचं विचारलं की बायकोसमोर साफ नाही म्हणतात. बोलणारा पेशंट लपवतोसुद्धा.

मला जो फरक सगळ्यात मोठा वाटतो तो वेगळाच आहे. आमच्यात आजारी एक असतो आणि ठरवणारा दुसरा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडला फोन, पंढरपुरी म्हैस, दिवस भरलेले, संध्याकाळपासून कळा देतीय पण पुढं काही नाही. गेलो. खांद्यापर्यंत हात घातला तर आत वाट पिळलेल्या धोतरासारखी, गर्भाशयाला पीळ. म्हशींत हे पुष्कळ होतं. पीळ उजवीकडं होता म्हणून तिला उजव्या कुशीवर पाडलं, पोटावर लाकडी फळी टाकली, फळीवर मालकाच्या भावाला उभं केलं आणि पाचसहा जणांनी पाय बांधलेली म्हैस त्याच अंगाला पलटली. एकदा, दोनदा, दर वेळी मी परत हात घालून बघायचो, बाहेर पाऊस, आत मोबाईलच्या टॉर्चचा उजेड. तिसऱ्यांदाही सुटलं नाही. आता पोट फाडून रेडकू काढणं एवढंच उरलं होतं. मालकानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, खर्च किती येईल, आणि पुन्हा दुधाला येईल का?"

त्याला निर्दयी म्हणू नका. त्याच एका म्हशीच्या दुधावर त्याच्या पोरीची कॉलेजची फी चालली होती, आणि म्हैस जगून भाकड निघाली तर औषधाचं कर्ज आणि रिकामं दावं दोन्ही त्याच्याच गळ्यात. त्या माणसाला खोटी आशा दाखवायची नाही आणि म्हशीला वाऱ्यावर सोडायचं नाही, हे पाच मिनिटांत, चिखलात उभं राहून ठरवायचं. हे कुठल्याच पेपरला येत नाही. त्या रात्री तो "करा" म्हणाला. "नको" म्हणणारेही भेटतात, आणि मग वेदना थांबवायचं शेवटचं इंजेक्शन माझ्याच हातानं द्यावं लागतं. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण जात नाही.

ताईला हा प्रश्न कुणी असा तोंडावर विचारू शकत नाही. तिच्यासमोरच्या माणसाची किंमत बाजारात ठरत नाही, आणि हेच तिच्या कामाचं मोठेपण आणि ओझं दोन्ही. वाचण्याची आशा संपलेल्या आजोबांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, यावर चार मुलं चार मतं देतात, एक पुण्याहून फोनवर ओरडतो. जीव संपवणारं इंजेक्शन देणं माणसाच्या बाबतीत कायद्यात बसत नाही. उपचार थांबवून नैसर्गिक मरण येऊ देण्याचा रस्ता सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मोकळा केला, तरी तो कागदोपत्री अवघड आणि मनानं त्याहून अवघड. पैशाचं दडपण तिच्याकडंही आहेच, फुले योजनेत बसतं का हे विचारणारे डोळे ती रोज बघते, पण "सोडून द्या" हे उघड म्हणायची कुणाची हिंमत नसते, मग ते राग होऊन डॉक्टरवर निघतं. इंटर्न असताना एका दवाखान्यात कॅज्युअल्टीत नातेवाइकांनी तिची कॉलर धरली होती. असल्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे, पण त्या क्षणी कायदा जवळ नसतो.

आम्हाला कॉलर धरणारे कमी, लाथ मारणारे जास्त. शिवाय जनावराचं दुखणं आपल्यालाच लागायची भीती. ब्रुसेलोसिस म्हणजे गाभ टाकणाऱ्या जनावराचा आजार, व्याल्यावर अडकलेली वार काढताना हातातून येतो आणि महिनोन् महिने ताप, सांधे धरतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस देतो ती जिवंत असते, सुई स्वतःला टोचली तर त्या लसीनंच आजार होऊ शकतो. लाळ गळणाऱ्या गाईच्या तोंडात "काहीतरी अडकलंय" म्हणून हात घालायला लावतात, आणि ती रेबीजची असू शकते. म्हणून आधीच रेबीजची लस घेऊन ठेवा, हे व्हेटरनरीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं सांगतो.

अजून एक, जे बाहेरच्यांना दिसत नाही. कासदाहाला अँटिबायोटिक दिलं की ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. मालक म्हणतो, एवढं दूध ओतून देऊ का? माझा पेशंट एक म्हैस, पण त्या कॅनमधलं दूध कुणाच्या लेकराच्या पोटात जाणार ते मला माहीत नाही. तिथं वाईटपणा घ्यावा लागतो, कधीकधी गिऱ्हाईक तुटतं.

मान आणि पैसा यावर थोडक्यात. लग्नाच्या बाजारात आजही "ढोरांचा डॉक्टर" म्हणून नाक मुरडतात. सरकारी नोकरी हवी तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, शिवाय डेअरी, पोल्ट्री आहे, शहरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने वाढलेत. ताईची कमाई माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि तिच्या पहिल्या स्वतंत्र कमाईच्या वेळी मला काम करून चार वर्षं झाली होती.

भावाच्या पोराला मी एवढंच सांगितलंय की फॉर्ममध्ये पसंतीक्रम टाकायच्या आधी एक दिवस ताईच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर नुसता बसून राहा, आणि एक दिवस सकाळी सहाला जुन्या पुणे नाक्यावर थांब, मी गाडीत घेतो. अंगावर जुने कपडे घालून ये आणि गमबूट आण.