अंध व्यक्तींसाठी बोलका मोबाइल: एडिप योजनेत अर्ज कुठे अडतो?

दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून दृष्टिहीनांना स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) असलेला स्मार्टफोन मिळतो. वाटपाचं काम बहुतेक ठिकाणी कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी करते. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा हे कागद सगळ्यांकडे असतात. गाडी अडते ती पुढच्या गोष्टींवर.

पहिली, टक्केवारी. किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर प्रमाणपत्रावर ३० टक्केच येतात. अशी माणसं दोन-दोन बस बदलून शिबिराला येतात आणि टेबलावरूनच परत जातात. ४० टक्क्यांची अट जाहिरातीत ठळक छापायला काय हरकत आहे, कळत नाही. जिल्हा रुग्णालयाचा हाताने लिहिलेला जुना दाखला असेल तर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ऑनलाइन ओळखपत्राचा, अर्ज आजच भरा. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र त्या पोर्टलवरूनच मिळतं आणि तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. शिबिर जाहीर झाल्यावर धावपळ करून ते हातात पडत नाही.

दुसरी, उत्पन्न. महिना २२,५०० रुपयांपर्यंत फोन मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्मी किंमत भरावी लागते. तहसीलचा दाखला मात्र वार्षिक असतो, म्हणून बारानं गुणून बघा: २ लाख ७० हजारांपर्यंत मोफत. अर्जदार आईवडिलांवर अवलंबून असेल तर त्यांचं उत्पन्न धरतात. ‘मला स्वतःला उत्पन्नच नाही’ असं लिहून दिलेलं चालत नाही.

तिसरी चूक सर्वांत जास्त वेळा होते. शिबिरं दोन असतात, आधी तपासणीचं, काही महिन्यांनी वाटपाचं. वर्तमानपत्रात फोटो येतो वाटपाचा, आणि लोक नेमके त्याच दिवशी येतात. तपासणीला नाव नोंदलेलं नसेल तर वाटपाच्या यादीत ते येणार कुठून? तपासणीची पावती मिळाली की ती आधारसोबत जपून ठेवा.

याच वस्तूसाठी मागच्या तीन वर्षांत सरकारी मदत घेतली असेल तर पुन्हा मिळत नाही. पांढरी काठी मिळाली होती म्हणून फोनचा अर्जच न करणारेही भेटतात. बाबांनो, काठी वेगळी, फोन वेगळा.

शिबिर लांब असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून फोन मिळेल का, ते लेखी विचारा. तोंडी विचारलं तर ‘निधी नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

फोन हातात आला की तिथेच टॉकबॅक (फोनमधला स्क्रीन रीडर) सुरू करून मराठी आवाज ऐकून घ्या. घरी नेल्यावर तो फक्त इंग्रजी बोलतोय असं कळलं, तर पुन्हा तालुक्याला खेप पडते.