प्रवाळ जलजीवालय

समुद्राचे किंवा मीठ-मिश्रणापासून बनवलेले खारे पाणी भरलेल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ, त्यांच्या सोबतीचे अपृष्ठवंशी प्राणी आणि मोजके मासे दीर्घकाळ सांभाळण्याची पद्धती. नुसते सागरी मासे ठेवलेल्या टाकीहून ती बरीच वेगळी आहे. मासे पुष्कळ नायट्रेट सोसतात. प्रवाळांना मात्र कॅल्शियम, क्षारता (पाण्याची आम्ल रिचवण्याची क्षमता), प्रकाश आणि पाण्याचा प्रवाह दिवसेंदिवस जवळजवळ सारखाच लागतो.

सागरी प्राणी घरात पाळण्याचा छंद इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात पसरला. रॉबर्ट वॉरिंग्टन व फिलिप हेन्री गॉस यांचे प्रयोग आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये उघडलेले मत्स्यगृह ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे; पण ते प्राणी थंड समुद्रातले होते. उष्ण कटिबंधातील प्रवाळ टाकीत जगवण्याचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक (सूक्ष्मजीव व लहान प्राणी वसलेला सच्छिद्र खडक), हवेचे बुडबुडे व सूर्यप्रकाश एवढ्यावरच टाकी चालवण्याची आपली रीत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकी लेखनात १९८६ मधील जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेला आरंभाचे स्थान दिले जाते. तिच्यात ठिबकगाळणीवर, म्हणजे जिवाणू वसलेल्या माध्यमावरून पाणी ठिबकवणाऱ्या गाळणीवर, भर होता. जर्मन परंपरा हा मान पीटर विल्केन्स आणि बर्लिनमधील हौशी मंडळींना देते. १९७० व १९८० च्या दशकांत त्यांनी जिवंत खडकाला प्रोटीन स्किमर (फेसातून सेंद्रिय घाण काढणारे यंत्र), तीव्र प्रकाश आणि चुन्याच्या निवळीची जोड दिली. मोनॅकोतील झाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराला, तर वॉशिंग्टनमधील वॉल्टर एडी यांनी शैवालाच्या गालिच्याला शुद्धीकरणाचे मुख्य साधन मानले. तत्त्व ली यांचे आणि व्यवहार्य पद्धत बर्लिनची, ही मांडणी अधिक पटण्याजोगी आहे. ठिबकगाळणी प्राण्यांच्या उत्सर्गातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेट करून थांबते. सच्छिद्र खडकाच्या प्राणवायूविरहित गाभ्यात त्याच नायट्रेटचे पुढे नायट्रोजन वायूत रूपांतर होऊ शकते.

अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी जुन्या संदर्भग्रंथांतील माहिती आता सुधारून वाचावी लागते. तेथे नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर या जिवाणूंची दोनच नावे आढळतात. टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्यातील टाक्यांत नायट्राइटचे (अमोनिया व नायट्रेट यांमधला टप्पा) ऑक्सिडीकरण नायट्रोस्पायरा गटाकडून होत असल्याचे दाखवले. २००५ मध्ये तर अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा एक आर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटाचा एकपेशीय सूक्ष्मजीव), नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, सिअ‍ॅटलच्या जलजीवालयातील सागरी टाकीतूनच वेगळा काढला गेला. बाटलीतील जिवाणू-मिश्रणे प्रक्रिया लवकर सुरू करतात, पण चाचणीला पर्याय ठरत नाहीत.

सुरुवातीला सुमारे २०० लिटरची टाकी सोयीची. लहान टाकीत तापमान व लवणता फार झपाट्याने हलतात. टीडीएस (विरघळलेले घन पदार्थ) शून्य दाखवणारे आरओ-डीआय (रिव्हर्स ऑस्मोसिस व आयनविरहितीकरण केलेले) पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यातील फॉस्फेट व सिलिकेट शैवाल वाढवतात आणि तांबे अपृष्ठवंशी प्राणी मारते. २०० लिटरला साधारण ७ किग्रॅ. मीठ-मिश्रण लागते. मीठ पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये. अन्यथा कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. लवणता दर हजारी ३५ भाग (२५° से. ला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६) असावी आणि रिफ्रॅक्टोमीटर (लवणता मोजण्याचे प्रकाशीय उपकरण) ३५ भागांच्याच प्रमाण-द्रावणाने जुळवावा. १५ ते २० किग्रॅ. सच्छिद्र खडक टाकीच्या तळावर टेकवून रचावा आणि मग भोवती ३-४ सेंमी. अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू पसरावी. वाळूवर रचलेला खडक बिळे करणाऱ्या प्राण्यांमुळे ढासळतो.

प्राणी नसलेल्या टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिग्रॅ. पर्यंत न्यावा. ३ ते ६ आठवड्यांनी एवढा अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊ लागला की टाकी तयार समजावी. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे नायट्राइट माशांच्या कल्ल्यांतून फारसा शोषला जात नाही; त्यामुळे त्याचा आकडा थोडा रेंगाळला तरी घाबरू नये. नंतर तपकिरी डायाटम (एकपेशीय शैवाल), मग हिरवे केसाळ शैवाल येते, ते बहुधा ओसरते. या काळात नायट्रेट व फॉस्फेट रसायनांनी शून्यावर आणणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक होय, कारण रिकाम्या जागी चिकट डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) पसरतात आणि ते हटवणे फार अवघड जाते. लिटरला नायट्रेट २ ते १० मिग्रॅ. आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिग्रॅ. राहू द्यावे.

क्षारता ७ ते ९ डीकेएच (क्षारतेचे जर्मन एकक), कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिग्रॅ. व मॅग्नेशियम सुमारे १३०० मिग्रॅ. असावे. सांगाडा बांधताना प्रवाळ १ डीकेएच मागे साधारण ७ मिग्रॅ. कॅल्शियम वापरतात, म्हणून क्षारतेची घट आधी जाणवते व तीच वारंवार मोजावी. २०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवण्यास सुमारे ६ ग्रॅ. सोडियम बायकार्बोनेट पुरते. एका दिवसात याहून जास्त वाढवू नये. बाष्पीभवनाची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी, कारण मीठ टाकीतच राहते. २९-३० अंशांवर काही दिवस गेल्यास प्रवाळ सहजीवी शैवाल गमावून पांढरे पडतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसे थंड होत नाही, तेथे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतो. वीज गेल्यास बॅटरीवरचा हवापंप प्रथम लावावा. तापमान बिघडण्याआधी प्राणवायू संपतो. झोअँथिड (गुच्छाने वाढणारे, सांगाडा नसलेले प्रवाळांचे नातलग) असलेला खडक कधीही उकळू नये, कारण त्यांपैकी काहींतील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेवाटे माणसाला गंभीर विषबाधा करते.

भारतात प्राण्यांची निवड कायद्याने बांधलेली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व भित्तीनिर्माते कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे समाविष्ट झाले. त्यामुळे मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणे हाही गुन्हाच. कठीण प्रवाळ साइटिस या, संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत. येथील नवशिक्याने मृत प्रवाळाऐवजी कृत्रिम सच्छिद्र खडक वापरावा, डिस्कोसोमा, झोअँथिड यांसारख्या सांगाडा नसलेल्या प्रकारांपासून सुरुवात करावी आणि विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे आधी मागावीत.