वाचा गेली की जीभ जड झाली?

पक्षाघाताचा रुग्ण घरी आल्यावर नीट बोलेनासा झाला, की घरचे सरसकट ‘वाचा गेली’ म्हणतात. प्रत्यक्षात या दोन शब्दांखाली दोन निरनिराळे विकार येतात आणि रुग्णाशी बोलण्याची रीतही त्यानुसार बदलते.

वाचाघातात, म्हणजे अफेझियात, बिघाड भाषेत असतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डाव्या बाजूला असल्यामुळे उजवा हातपाय लुळा पडलेल्यांत तो अधिक आढळतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या मामांना चष्मा हवा असे आणि तोंडून ‘छत्री’ निघे; ती आणून दिली की ते कपाळावर हात मारून घेत. ‘नको’ म्हणत ताट पुढे ओढत. पाटीवर लिहायला दिले तरी तीच गत, कारण मुळात शब्दच सापडत नसे. तेच मामा संध्याकाळी गणपतीची आरती कडव्यामागून कडवे अचूक म्हणत, तेव्हा शेजाऱ्यांना सगळे सोंग वाटे. परंतु पाठांतर, आकडे, वार अशी सवयीची वाणी वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहते.

डिसार्थ्रियात भाषा जागेवर असते, पण ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र यांचे स्नायू दुबळे पडतात किंवा त्यांचा मेळ बिघडतो. माणूस ‘चष्मा’च म्हणतो, ऐकणाऱ्याला ‘तम्मा’ ऐकू येते. वाचाघात सोबत नसेल, तर चालत्या हाताने तो मोबाइलवर हवे ते लिहून दाखवतो, आणि मुळाक्षरांचा तक्ताही त्याच्या कामी येतो. वाचाघाताच्या रुग्णाला तक्ता देऊन सहसा भागत नाही. त्याच्यापुढे चष्मा आणि छत्री दोन्ही धरून ‘यातले कोणते?’ असे विचारावे व उत्तराला भरपूर वेळ द्यावा. ओरडून बोलू नये, कारण तो बहिरा झालेला नसतो, आणि बुद्धी गेली असे तर मुळीच समजू नये.

डिसार्थ्रियात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बोलण्याचे पुष्कळसे स्नायू गिळण्याचेही असल्याने चहाच्या घोटाला ठसका लागणे किंवा जेवणानंतर आवाज घरघरणे हे अन्नपाणी श्वासनलिकेत जात असल्याचे लक्षण असू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. हे स्पीच थेरपिस्टना आवर्जून सांगावे. दोन्ही विकार एकत्रही असतात, म्हणून नेमके निदान त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

सुधारत आलेले बोलणे अचानक पुन्हा अडखळले, तर मात्र थेरपीच्या पुढच्या वेळेची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे. डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.